दोनदा धुतल्या

"वरची पट्टी नाही," सर म्हणाले.

त्यांनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली, उलटी करून पाहिली, पुन्हा सुलटी केली. एक्स-रेची असते तशीच काळपट फिल्म, तळहाताएवढी. तिच्यावर चार रांगा होत्या. पहिल्या तिन्ही रांगांत खालची पट्टी ठसठशीत उमटली होती आणि तिच्या वर, जिथं माझ्या बारा फिल्मांत दुसरी पट्टी होती, तिथं काहीच नव्हतं. सदानंद बाजूला हात मागे बांधून उभा होता. ही त्यानं केलेली तिसरी फिल्म. तिसऱ्यांदा तेच.

"अँटीबॉडी जुनी झाली असेल, सर," मी म्हणाले. अँटीबॉडी म्हणजे हजारो प्रथिनांतून आपल्याला हवं तेवढंच हुडकून दाखवणारं द्रावण. ते जुनं झालं की काम करेनासं होतं.

"चौथ्या रांगेत तुझाच नमुना आहे. फ्रीझरमधला, गेल्या वर्षीचा. त्यात दोन्ही पट्ट्या दिसतायत. मग अँटीबॉडीला काय झालंय?"

चौथ्या रांगेत दोन्ही पट्ट्या होत्या, एकीवर एक, नेहमीसारख्या. त्या तिथं नसत्या तर बरं झालं असतं, असं मला आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं वाटलं. अँटीबॉडी चांगली, फिल्म चांगली, सदानंदचा हात चांगला. मग उरले कोण, तर मी आणि माझी ती नमुन्याची नळी.

सरांनी माझी वही उघडली आणि एकेक ओळ वाचून विचारायला सुरुवात केली. पेशी कुठल्या, औषध किती, किती तास. मी धडाधड उत्तरं देत होते.

"पेशी किती वेळा धुतेस?"

"दोनदा. लिहिलंय तिथं."

"धुण्याचा बफर थंड असतो?"

"बर्फात ठेवलेला."

सरांनी वही मिटली. "सोमवारी सदानंद चौथ्यांदा करेल. नाही आलं तर पेपर छापायला पाठवायचा नाही. प्रबंधातलं ते प्रकरणही काढावं लागेल."

त्या प्रकरणाशिवाय माझ्या प्रबंधात प्रस्तावना आणि आभार एवढंच उरत होतं.

"सर, तुम्हाला असं वाटतंय का की मी काहीतरी..." मला पुढचा शब्द उच्चारवेना.

"मला काही वाटत नाही, वैजयंती. मला पट्टी दिसत नाही, एवढंच मी म्हणतोय."

ही एकोणीसशे सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीतली गोष्ट. पुण्यातली आमची संस्था टेकडीच्या कडेला होती आणि दुसऱ्या मजल्यावर मुळगुंद सरांची प्रयोगशाळा. मी वैजयंती घोरपडे, इचलकरंजीहून आलेली, पीएच.डी.चं चौथं वर्ष संपत आलेली. राग माझ्या नाकावर असायचा आणि घाई पायांत. दोन्ही अजून आहेत, पण आता वय झाल्यामुळे लोक त्याला शिस्त म्हणतात.

आमचा विषय सांगायला अवघड नाही. आपल्या प्रत्येक पेशीत जनुकांवर ताबा ठेवणारी काही प्रथिनं असतात. ती डीएनएच्या धाग्यावर ठाण मांडून बसतात आणि कुठलं जनुक चालू, कुठलं बंद हे ठरवतात. पण पेशीला दोन व्हायचं असतं तेव्हा तो सगळा धागा घट्ट गुंडाळून त्याची गुणसूत्रं करावी लागतात. तेव्हा या बसलेल्या मंडळींचं काय होतं? सर पहिल्या दिवशीच म्हणाले होते, "गादी गुंडाळायची तर तिच्यावर बसलेल्याला आधी उठवायला हवं. त्याला कोण उठवतं ते शोध."

मी ज्या प्रथिनाच्या मागे होते त्याला उठवणारा म्हणजे फॉस्फेट, असा माझा दावा होता. विभाजनाची वेळ आली की प्रथिनाला फॉस्फेट चिकटतं. डीएनएवर ऋण भार असतो आणि फॉस्फेटवरही ऋणच, त्यामुळे दोघांचं पटत नाही आणि प्रथिन धाग्यावरून सुटतं. विभाजन संपलं की फॉस्फेट निघतं आणि महाशय पुन्हा जागेवर येऊन बसतात. हे डोळ्यांना दिसत नाही, पण फॉस्फेट चिकटलेलं प्रथिन जेल नावाच्या जेलीसारख्या थरातून सरकताना जरा मागे रेंगाळतं, म्हणून फिल्मवर त्याची पट्टी थोडी वर उमटते. विभाजनाच्या ऐन मध्यात औषध घालून थांबवलेल्या पेशींत मला ती वरची पट्टी दिसली होती. एकदा नाही, बारा वेळा.

आता सरांची रीत. आमच्याकडून कुठलाही पेपर बाहेर जाण्याआधी त्यातला मुख्य प्रयोग दुसऱ्या कुणीतरी करून बघायचा. फक्त वही वाचून. ज्याचा प्रयोग त्यानं त्या वेळी खोलीत जायचं नाही आणि तोंडी एक अक्षर सांगायचं नाही. आम्ही त्याला 'परका हात' म्हणायचो. इतर प्रयोगशाळांतले लोक हसायचे, म्हणायचे तुमच्या सरांचा स्वतःच्या मुलांवर विश्वास नाही. सर म्हणायचे, "माझा माणसांवर आहे. पण पेपर वाचणाऱ्याला माणूस दिसत नाही, त्याला फक्त लिहिलेलं दिसतं."

माझ्या वाट्याला परका हात आला तो सदानंद लोटलीकरचा. तो मला दोन वर्षांनी सीनियर, सावंतवाडीचा, बोलायला मवाळ आणि कामात इतका टापटिपीचा की त्याच्या पांढऱ्या कोटाला सुरकुती पडलेली मी कधी पाहिली नाही. मी त्याला 'इस्त्री' म्हणायचे. त्याचं टेबल सकाळी पुसलेलं असायचं, दुपारी पुसलेलं असायचं. माझ्या टेबलाकडे पाहून तो फक्त सुस्कारा टाकायचा.

त्या शुक्रवारी सरांच्या खोलीतून बाहेर पडल्यावर मी त्याला जिन्यात गाठलं.

"तू मुद्दाम करतोयस का?"

"काय मुद्दाम?"

"तीन वेळा पट्टी येत नाही म्हणजे काय? माझं वाचून करतोयस ना? की स्वतःचं डोकं चालवतोयस?"

सदानंदनं चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता. "वैजू, पुढच्या वर्षीचं माझं सगळं काम तुझ्या त्या पट्टीवर उभं राहणार आहे. ती खोटी निघाली तर मी काय करू? आणि खरं सांगू का, तीन वेळा नाही, चार वेळा केलं. पहिली वेळ मी सरांना दाखवलीच नाही. म्हटलं माझंच चुकलं असेल."

मी आणखी चिडले आणि खाली निघून गेले.

कँटीनमध्ये शेजारच्या प्रयोगशाळेतली एक मुलगी माझ्यासमोर येऊन बसली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "सगळं ठीक आहे ना गं?" बातमी पसरली होती. 'बनवलेलं आहे' हे दोन शब्द अजून कुणी उच्चारले नव्हते, पण ते तोंडातोंडांत तयार होते. एकदा ते चिकटले की आयुष्यभर कुणी माझी फिल्म सरळ डोळ्यांनी पाहणार नव्हतं. त्या रात्री मी जेवले नाही. आईला फोन करायला गेले आणि बूथवरची रांग बघून परत आले. बरंच झालं, नाहीतर तिला काय सांगणार होते?

शनिवारी दुपारी प्रयोगशाळेत आम्ही दोघंच होतो. सदानंद उजेडाच्या पेटीजवळ बसला होता. त्यानं मला हाक मारली.

"एक विचारू? चिडू नकोस."

"चिडणार. विचार."

"तुझे नमुने एवढे घाण का असतात?"

मी काही बोलणार त्याआधीच त्यानं पेटीवर एक झेरॉक्स ठेवली. अँटीबॉडी लावण्याआधी आम्ही प्रथिनं उतरवलेला पांढरा कागद लाल रंगात बुडवायचो. त्यात सगळीच प्रथिनं एकदम दिसतात. मग तो रंग धुऊन टाकायचा, म्हणून आधी कागद प्लॅस्टिकमध्ये घालून त्याची झेरॉक्स काढून ठेवायची. सदानंदच्या तिन्ही रांगा शिडीच्या पायऱ्यांसारख्या नीटनेटक्या होत्या. चौथी, म्हणजे माझी, मध्यावर फुगलेली होती. तिथं एक जाडजूड डाग बसला होता.

"हा डाग बघ. हे पेशींच्या खाद्यातलं सिरम आहे. तुझ्या बाराही झेरॉक्सांत आहे, मी काढून बघितल्या. माझ्या एकाही नमुन्यात नाही." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "दोनदा धुतल्यावर इतकं खाद्य शिल्लक कसं राहतं?"

मी झेरॉक्स जवळ ओढली.

"मला काही कळत नाहीये," सदानंद म्हणाला आणि उठला. "चहा पिऊन येतो."

तो गेला आणि मी त्या डागाकडे बघत बसले. दोन दिवस डोकं फोडून जे सापडत नव्हतं ते एका क्षणात समोर आलं होतं. मी पेशी धुतच नव्हते.

पहिल्या वर्षी माझ्या जागेवरचा ओढपंप बिघडला होता. पेशी वाढवायच्या डिशमधलं खाद्य शोषून काढायचं, बफर घालायचा, हलवायचा, पुन्हा शोषून काढायचा, हे त्याच्याशिवाय करणं म्हणजे वैताग. तेव्हा मी आपली एक सोय काढली. डिश खरवडायची, खाद्यासकट सगळं नळीत ओतायचं, यंत्रात गरगर फिरवायचं, तळाशी पेशी बसल्या की वरचं ओतून द्यायचं. दहा मिनिटांत काम. पुढे पंप दुरुस्त झाला, पण माझ्या हाताला लागलेली सवय सुटली नाही. आणि संध्याकाळी वही लिहायला बसले की समोर भिंतीवर छापील कृती चिकटवलेली असायची. 'पेशी बफरने दोनदा धुवा.' मी लिहायचे, 'पेशी बफरने दोनदा धुतल्या.' मी खोटं लिहितेय असं मला कधीच वाटलं नाही. सगळे धुतात, सगळे लिहितात. मी त्यातलं लिहायचं तेवढं काम केलं होतं.

आता खरी गंमत ऐका. डिशमध्ये एरवी पेशी पसरून तळाला घट्ट चिकटून असतात. पण विभाजनाच्या वेळी ती पेशी आपला पसारा आवरते, गोल होते आणि तळाशी जेमतेम टेकून राहते. सूक्ष्मदर्शकाखाली अशा पेशी साबुदाण्यासारख्या चमकतात. डिशला हलका धक्का दिला तरी सुटतात. सदानंद त्याच्या इस्त्रीच्या हातांनी वहीत लिहिल्याप्रमाणे दोनदा व्यवस्थित धुवत होता आणि ज्यांच्यात वरची पट्टी होती त्या नेमक्या सगळ्या पेशी पंपातून टाकाऊ पाण्याच्या बाटलीत पाठवत होता. राहत होत्या त्या विभाजन न होणाऱ्या, घट्ट बसलेल्या. त्यांच्यात खालचीच पट्टी असणार.

म्हणजे पट्टी खरी होती. मी काहीही बनवलं नव्हतं. मला वाटतं मी उभी राहून मोठ्यानं हसलेसुद्धा.

मग वहीकडे लक्ष गेलं आणि हसू जिथल्या तिथं थांबलं. पट्टी खरी होती, पण ती खरी ठरवायची तर वही खोटी होती असं सांगावं लागणार होतं. बारा वेळा, माझ्या अक्षरात, तारीख घालून. आणि कालच सरांनी तोंडावर विचारलं होतं, तेव्हाही मी डोळ्याला डोळा भिडवून सांगितलं होतं, दोनदा.

यातून एक सोपी वाट होती आणि ती मला लगेच दिसली, यावरून माझा स्वभाव कळेल. मी निळं पेन घेतलं. पहिल्या प्रयोगाच्या पानावर 'दोनदा धुतल्या'च्या पुढे थोडी जागा होती. तिथं बारीक अक्षरात लिहिलं, 'धुवणातल्या पेशीही गोळा केल्या'. झालं. सोमवारी सदानंद ते वाचेल, धुवणातल्या पेशी गोळा करेल, पट्टी येईल, आणि मी फक्त अक्षर बारीक असल्याबद्दल बोलणी खाईन.

दुसऱ्या प्रयोगाचं पान काढलं. तिथं जागाच नव्हती. ओळ पानाच्या कडेपर्यंत गेली होती आणि खाली लगेच पुढची. मी पेनाचं टोक कागदावर टेकवून, आता हे कुठं घुसवावं, याचा हिशोब करत राहिले. आणि तिथंच, त्या जागेच्या शोधात, मला माझी स्वतःची लाज वाटली. आदल्या दिवसापर्यंत कुणी मला विचारलं असतं की तू बनवाबनवी केलीस का, तर मी छातीवर हात ठेवून नाही म्हटलं असतं. आता मला तसं म्हणता येणार नव्हतं. पेनाची शाई अजून ओली होती.

सदानंद चहा पिऊन आला तेव्हा मी वही पिशवीत घातली होती.

रविवारी सकाळी मी स्कूटरवरून सरांच्या घरी गेले. दार सरांच्या पत्नीनं, सुलभाताईंनी उघडलं. सर गॅलरीत वर्तमानपत्र पसरून त्यावर मटार सोलत बसले होते. मला पाहून त्यांना आश्चर्य वाटलं असावं, पण त्यांनी समोरचं स्टूल दाखवलं आणि शेंगांची परात मध्ये सरकवली. मी पण सोलायला लागले. हाताला काम असलं की बोलणं सोपं जातं, हे त्यांना माहीत असावं.

"सर, मी पेशी धुत नाही."

त्यांनी शेंग सोलली. "बरं."

"कधीच धुतल्या नाहीत. चार वर्षांत एकदाही. खाद्यासकट गोळा करते. विभाजनातल्या पेशी सैल असतात, सदानंद धुतो तेव्हा त्या निघून जातात. म्हणून त्याला वरची पट्टी दिसत नाही." मी श्वास घेतला. "पट्टी खरी आहे सर."

"आणि वहीत लिहिलंय ते?"

"भिंतीवरचं बघून लिहायचे."

"परवा मी विचारलं तेव्हा?"

"तेव्हाही भिंतीवरचंच सांगितलं. त्या वेळी मला खरंच तसंच वाटत होतं."

शेंगेतले दाणे त्यांच्या बोटांतून पातेल्यात पडत होते. मला वाटलं आता एवढ्यावर संपेल. पण निम्मं सांगून घरी जायचं तर आले कशाला होते?

"अजून एक आहे. काल मी पहिल्या पानावर शब्द घातलेत. मागची तारीख असलेल्या पानावर. आधीपासूनच लिहिलंय असं वाटावं म्हणून."

सरांचा हात थांबला. मी वही काढून ते पान त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी चष्मा वर सारून वाचलं.

"दुसऱ्या पानावर का नाही घातलेस?"

"जागा नव्हती."

त्यांना हसू आलं की राग, ते मला समजलं नाही. त्यांनी हात पंचाला पुसले. "हे बघ, वैजयंती. पट्टी खोटी निघाली असती तर मी तुला दुसरा विषय दिला असता. सहा महिने गेले असते, एखादं वर्ष गेलं असतं. माणूस चुकतो. पण आता मला सांग, या वहीतली कुठली ओळ मी खरी धरू?"

डोळ्यांत पाणी येत होतं आणि ते येऊ नये म्हणून मी शेंगा मोजत होते.

"असं आणखी किती ठिकाणी आहे?"

"माहीत नाही सर."

"मग ते आधी शोध. आजचा दिवस आहे. जे केलं नाहीस ते लाल पेनानं खोड, आजची तारीख घाल. जिथं आठवत नाही तिथं आठवत नाही असं लिही. पुसू नकोस आणि पान फाडू नकोस. उद्याचं उद्या बघू."

निघताना सुलभाताईंनी हातात चहाचा कप दिला. "आधी हा पी," त्या म्हणाल्या. "रडून गाडी चालवू नये."

तो रविवार मी माझ्या तीन वह्या घेऊन बसले. भिंतीवरून उतरवलेली दुसरी बरीच वाक्यं सापडली. बफरचं तापमान मी मोजलं नव्हतं, तरी चार अंश लिहिलं होतं. पंधरा मिनिटं म्हणून लिहिलेलं बहुतेक वेळा माझ्या मनात येईपर्यंत असायचं. एकेक ओळ खोडताना नकोसं व्हायचं आणि खोडून झाली की का कोण जाणे, जरा हलकं वाटायचं. कित्येक ठिकाणी लिहावं लागलं, 'आठवत नाही'. धुण्याच्या बाराही ओळी खोडल्या. पहिल्या पानावरचे घुसवलेले शब्दही खोडले आणि शेजारी लिहिलं की हे शनिवारी घातले होते आणि का घातले होते.

सोमवारी सरांनी ती लालेलाल वही सदानंदच्या हातात दिली. माझ्यासमोर. सदानंदनं धुण्याची ओळ वाचली, पान उलटलं, पुढची वाचली. मी खाली बघत होते.

"या वेळी दोन डिश करू," सर म्हणाले. "एक हिच्या पद्धतीनं, न धुता. एक तुझ्या पद्धतीनं, धुऊन. आणि धुतलेलं पाणी टाकायचं नाही, ते वेगळं जमवायचं. त्याची तिसरी रांग. त्यातलाच थोडा भाग फॉस्फेट काढणारं एन्झाइम घालून चौथ्या रांगेत चालव. आणि वैजयंती, तू खोलीत यायचं नाहीस."

मी खोलीत गेले नाही. दोन दिवस मी लायब्ररीत बसून एकच पान वाचत होते. बुधवारी दुपारी सदानंद अंधाऱ्या खोलीत फिल्म धुवायला गेला तेव्हा मात्र दाराबाहेर जाऊन उभी राहिले. तेवढी सूट मी स्वतःला दिली. सर त्यांच्या खोलीत होते, त्यांचं दार उघडं होतं.

सदानंद बाहेर आला. फिल्म ओलीच होती, तिच्यातून पाणी ठिबकत होतं, आणि त्याच्या इस्त्रीच्या कोटावर त्याचे डाग पडले होते. त्यानं ती उजेडाच्या पेटीवर ठेवली. सर आले. आम्ही तिघं वाकलो.

पहिल्या रांगेत दोन्ही पट्ट्या. दुसऱ्या रांगेत फक्त खालची. आणि तिसऱ्या रांगेत, त्या धुवणात, जे सदानंद आजवर टाकून देत होता आणि मी माझ्या घाईत सगळ्यात मिसळून टाकत होते, त्यात फक्त वरची. खालची जवळजवळ नाहीच. एकट्या विभाजन होणाऱ्या पेशी, वेगळ्या काढल्यासारख्या. इतकी स्वच्छ पट्टी माझ्या बारा फिल्मांत एकदाही आली नव्हती. चौथ्या रांगेत फॉस्फेट काढल्यावर तीच पट्टी खाली उतरली होती, जिथं तिनं उतरायला हवं होतं तिथंच.

"उठवतंय," सर म्हणाले. "फॉस्फेटच उठवतंय."

माझा जीव भांड्यात पडला. मी पेटीची कडा धरली होती ती सोडली आणि बाजूच्या स्टुलावर बसले.

"तुला कधी कळलं?" मी सदानंदला विचारलं.

"काय?"

"मी धुत नाही हे."

तो चष्मा पुसायला लागला. "झेरॉक्स बघताना. शनिवारी सकाळी."

"आणि तरी म्हणालास काही कळत नाही? सरांना का नाही सांगितलंस?"

"वही तुझी आहे," सदानंद म्हणाला. "सोमवारपर्यंत वेळ होता. चहा मला नकोच होता खरं तर."

शनिवारी मी पेन हातात घेऊन जागा शोधत होते, तेव्हा हा खाली कँटीनमध्ये नको असलेला चहा पीत बसला होता. तेवढ्यानं मला रडू फुटलं. चांगलं हुंदके देऊन, लहान मुलीसारखं. सदानंद घाबरून टिपकागद घेऊन आला, फिल्म टिपायचा तो.

"अगं, आली ना पट्टी," तो म्हणाला. "आता कशाला रडतेस?"

सरांनी माझी वही उघडून माझ्यापुढे ठेवली, नवीन पानावर. "निकाल लिही."

मी नाक पुसलं आणि लिहायला लागले. तारीख घातली. पहिली रांग, दुसरी रांग, तिसरी, चौथी. काय दिसलं ते. अक्षर वेडंवाकडं येत होतं. लिहून झाल्यावर मी विचारलं, "अजून काय लिहू सर?"

"जे झालं ते."

मी थोडा विचार केला. भिंतीकडे बघितलं नाही. मग खाली एक ओळ लिहिली, 'फिल्म पाहिल्यावर सुमारे पाच मिनिटं रडले. घड्याळ बघितलं नव्हतं.'

सरांनी वही आपल्याकडे फिरवली. पहिल्या ओळीपासून सावकाश वाचत ते शेवटच्या ओळीपर्यंत आले. तिथं ते थांबले, खिशातलं पेन काढलं आणि म्हणाले, "बरोबर आहे." मग त्या ओळीखाली त्यांनी सही केली.